सूर कोणत्या अक्षरावर चढवायचा?

‘कीरिए एलेइसोन’ ही ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुन्हा पुन्हा कानी पडणारी विनवणी. प्रभो, दया कर, एवढाच तिचा अर्थ. मोजली तर अक्षरे सात: की-रि-ए, ए-ले-इ-सोन. त्यातल्या ‘की’ आणि ‘ले’ या दोन अक्षरांवर आघात येतो, आणि ‘ले’नंतरची दोन हलकी अक्षरे उतरत जाऊन विसावतात. आता हेच इंग्रजीत म्हणा: लॉर्ड, हॅव मर्सी. अक्षरे चारच. आघात इथेही दोन आहेत, एक ‘लॉर्ड’वर आणि दुसरा ‘मर्’वर. पण शेवटच्या आघातानंतर हाती उरते फक्त ‘सी’. सात अक्षरांसाठी घडलेल्या सुरावटीतले तीन सूर बेघर झाले आणि उताराच्या दोन पायऱ्यांपैकी एक नाहीशी झाली.

ही झाली दोन शब्दांची विनवणी. बिझंटाईन स्तोत्रे अनेकदा पानभर लांबतात, आणि त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. जो शब्द दोन्ही भाषांत सारखाच, तिथेही सुटका नाही. ‘आलेलुया’ ग्रीक माणूस पाच अक्षरांत गातो, इंग्रज चारांत. अशा स्तोत्रांसाठी इंग्रजीत चाली बांधणारी माणसे आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत. ती जे करतात त्याला चाल बांधणे म्हणावे की आणखी काही, असा प्रश्न मला त्यांचे काम समजून घेताना वारंवार पडला.

बिझंटाईन गायन म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यात वाढलेली आणि ग्रीस, सायप्रस, लेबनॉन, सीरिया, रुमानिया अशा देशांत आजही नित्य गायली जाणारी चर्चची गायकी. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या गायकीत वाद्ये नाहीत, हार्मनी नाही. एकच सुरावट असते आणि तिच्याखाली धरून ठेवलेला एक आधारस्वर, ज्याला ‘ईसोन’ म्हणतात. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला हे फारसे परके वाटत नाही. मात्र हा तंबोरा माणसांच्या गळ्यातला असतो, आणि सुरावटीने मुक्काम हलवला की तोही जागा बदलतो.

आपल्याकडे राग, तसे इथे ‘ईखोस’. ते आठ आहेत आणि ते आठवड्यांनुसार फिरतात: या आठवड्यात पहिला, पुढच्यात दुसरा, आठ झाले की पुन्हा पहिल्यापासून. ईखोस म्हणजे नुसती स्वरांची उतरंड नव्हे. कोणत्या स्वरावर क्षणभर टेकायचे, कोणत्यावर पूर्ण थांबायचे, कोणती वळणे वारंवार घ्यायची, हे सगळे त्यात आले. स्वरांच्या जागाही पियानोच्या पट्ट्यांत मावणाऱ्या नाहीत. १८८०च्या दशकात कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाने नेमलेल्या संगीत समितीने सप्तकाचे ७२ सूक्ष्म भाग मानले. पियानोवरचा अर्धा स्वर म्हणजे यातले सहा भाग आणि पूर्ण स्वर म्हणजे बारा. पण बिझंटाईन गायकाच्या साध्या सप्तकात एक पायरी बारा भागांची, पुढची दहाची, त्यापुढची आठाची. दहा आणि आठ पियानोवर सापडतच नाहीत. श्रुतींवरून वाद घालणाऱ्यांच्या देशात हे कुणाला फार समजावून सांगावे लागू नये. दुसऱ्या ईखोसाचे जे उपरूप आहे, त्यात तर सहा, वीस, चार अशा पायऱ्या येतात: एक छोटी, मग एक लांब उडी, पुन्हा एक छोटी. भैरवातले षड्ज, कोमल ऋषभ, गंधार, मध्यम गुणगुणून पाहा, जवळपास तोच डौल ऐकू येईल. गुड फ्रायडेच्या पूर्वसंध्येला क्रूस मिरवत आणतात, त्या वेळचे स्तोत्र याच ईखोसात आहे.

आणि लिपी! आजची लिपी १८१४च्या सुमारास क्रिसांथोस, ग्रेगोरिओस आणि खुर्मुझिओस या तिघांनी सोपी करून दिली. ‘सोपी’ हा शब्द इथे जपूनच घ्यावा. त्यांनी स्वरांना नावे दिली ती ग्रीक वर्णमालेच्या पहिल्या सात अक्षरांवरून: पा, वू, गा, दी, के, झो, नी. (यातले पा, गा, नी ऐकून आपण हुरळून जाऊ नये. त्यांचा ‘नी’ आपल्या षड्जाच्या जागी बसतो.) पण कागदावर हे स्वर लिहिलेले नसतात. प्रत्येक चिन्ह एवढेच सांगते की मागच्या स्वरापासून किती पायऱ्या वर जा, किती खाली उतर, की तिथेच राहा. सुरुवात गायकाने आपल्या गळ्याला झेपेल तिथून करायची. वाटेत चुकले तर कळावे म्हणून ओळींच्या मधे खुणेची चिन्हे असतात: या क्षणी तू ‘दी’वर असायला हवास, नसशील तर कुठेतरी घसरलास.

त्यातली मौज अशी, की एक पायरी चढायला एकच चिन्ह नाही. ‘ओलिगोन’ साधे चढते. ‘पेतास्ती’ही एकच पायरी चढते, पण किंचित उसळून, आणि आघाताच्या अक्षरावर, पुढे उतार असेल तेव्हा शोभते. ‘केंतीमाता’ हळूच, आघाताशिवाय चढते आणि नवे अक्षर उचलत नाही. स्वर तिन्हींचा तोच. म्हणजे गाणे कानाला बरोबर असूनही कागदावर अशुद्ध असू शकते. जाणकार गायक अशी पाटी पाहून तेच तोंड करतो जे आपण ‘मि आलो’ वाचून करतो.

आता शब्दांकडे. मराठी कवितेत आपण लघु-गुरू मोजतो, मात्रा मोजतो किंवा अक्षरे मोजतो. आघात आपल्या भाषेत आहे, पण तो कोणाचा अर्थ बदलत नाही. ग्रीकमध्ये बदलतो. ‘नोमोस’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर कायदा, दुसऱ्यावर दिला तर जिल्हा. म्हणून या भाषेत सुराने आघाताची मर्जी सांभाळायलाच हवी. आघाताचे अक्षर आजूबाजूच्यांपेक्षा वर असावे, किंवा लांब असावे, किंवा तालाच्या ठोक्यावर असावे. यांतले काहीच झाले नाही तर श्रोत्याला भलताच शब्द ऐकू येईल.

पण ही स्तोत्रे मुळात पद्य आहेत हेच कित्येक विद्वानांना ठाऊक नव्हते. चर्चच्या पोथ्यांत ती गद्यासारखी सलग छापलेली असत. १८५९ मध्ये झाँ-बातिस्त पित्रा नावाचा फ्रेंच बेनेडिक्टाइन भिक्षू, जो पुढे कार्डिनल झाला, सेंट पीटर्सबर्गमध्ये एक जुने हस्तलिखित चाळत होता. मजकुरात मधूनमधून ठिपके होते. ते विरामचिन्हांच्या जागी नव्हते, कारण वाक्य मधेच तोडून ते येत. पित्राने ठिपक्यांमधली अक्षरे मोजली. पहिल्या कडव्यात ठिपके जितक्या अक्षरांवर, तितक्याच अक्षरांवर दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात. आघातही त्याच जागी. ज्याला सगळे गद्य समजत होते त्यात शेकडो वर्षे काटेकोर छंद मुकाट बसला होता! गाणाऱ्यांना तो माहीत होता, कारण त्याशिवाय एका चालीवर सगळी कडवी बसलीच नसती. वाचणाऱ्यांना मात्र तो दिसला नव्हता.

एका चालीवर अनेक गीते हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल—’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध गीताचा मुखडा दिलेला असे. बिझंटाईन पोथ्या हुबेहूब तेच करतात. सहाव्या शतकात रोमानोस नावाच्या कवीने नाताळसाठी जे स्तोत्र लिहिले, ते तिसऱ्या ईखोसात आहे आणि इतर असंख्य स्तोत्रांच्या डोक्यावर त्याचे पहिले शब्द ‘चाल’ म्हणून येतात. हा रोमानोस मूळचा सीरियातल्या एमेसाचा, म्हणजे आजच्या होम्सचा. ग्रीक स्तोत्रवाङ्मयाचा हा थोर कवी ग्रीसमध्ये जन्मला नव्हता, हे भाषांतराची चर्चा करताना ध्यानात ठेवलेले बरे. नवव्या शतकापासून ही स्तोत्रे स्लाव्ह लोकांच्या भाषेत गेली. १८२३ मध्ये माकारिये या भिक्षूने व्हिएन्नात रुमानियन भाषेतली गायनपुस्तके छापली, आणि विसाव्या शतकात त्रिपोलीच्या मित्री अल-मुर्र यांनी अरबी शब्दांना चाली दिल्या. इंग्रजीची पाळी उशिरा आली, एवढेच.

इंग्रजीत पहिल्यांदा ही स्तोत्रे गाजवली ती जॉन मेसन नील या अँग्लिकन पाद्र्याने. १८६२ मध्ये त्याने पौर्वात्य चर्चच्या स्तोत्रांची इंग्रजी रूपे प्रसिद्ध केली: यमक जुळवलेली, इंग्रजी वृत्तांत बसवलेली, इंग्रजी चर्चच्या चालींवर सहज गाता येणारी. ती सुंदर आहेत. पण त्यांत ग्रीक छंद उरला नाही आणि ईखोसही नाही. खरी निकड विसाव्या शतकात निर्माण झाली, अमेरिकेत गेलेल्या ग्रीक आणि अरब कुटुंबांच्या मुलांना आजोबांची भाषा कळेनाशी झाली तेव्हा. १९३८ मध्ये फादर सेराफिम नासार यांनी वर्षभराच्या उपासनेचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. पुढे बेसिल कझान यांनी अँटिओकियन चर्चसाठी इंग्रजी शब्दांवर बिझंटाईन चालींचे संच तयार केले, तेही पाश्चात्त्य पाचरेघी लिपीत, कारण ती वाचणारे लोक चर्चमध्ये बसलेले होते.

साहजिक पहिला विचार मनात येतो तो असा: मूळ ग्रीक चाल घ्यावी आणि तिच्याखाली इंग्रजी शब्द बसवावेत. दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात चढवण्यासारखे ते होते. स्वर्ग, आरोहण असल्या शब्दांवर ग्रीक रचनाकार सूर वर नेतो, पाताळ म्हटले की खाली उतरवतो. ती या परंपरेतली लाडकी कारागिरी आहे. इंग्रजीत शब्दांचा क्रम बदलतो, आणि तो सुंदर चढ नेमका ‘द’वर किंवा ‘ऑफ’वर येऊन आदळतो. ‘मृत्यू’ला ग्रीकमध्ये तीन अक्षरे, ‘थानातोस’, पहिल्यावर आघात. इंग्रजीत एकच, ‘डेथ’. उरलेले दोन सूर कुठे घालायचे? त्याच ‘डेथ’वर ओढले तर मरण विनाकारण लांबते.

इथे कामाला येतो पंधराव्या शतकातला मानुएल क्रिसाफिस. कॉन्स्टँटिनोपलच्या अखेरच्या दरबारातला हा गायक. साम्राज्य बुडाल्यानंतर काही वर्षांनी त्याने गायनशास्त्रावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की अक्षरे जोडून जसे शब्द होतात, तशी स्वरचिन्हे जोडून ‘थेसिस’ होतात. थेसिस म्हणजे सुरांचे ठरलेले वळण. रचनाकार चाल शून्यातून काढत नाही, या वळणांतून बोलतो. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली या विधानात आहे. ग्रीक चाल हे एक वाक्य आहे. ते इंग्रजीत जसेच्या तसे उचलून ठेवता येणार नाही. पण ज्या व्याकरणाने ते वाक्य झाले, त्या व्याकरणाने इंग्रजीत नवे वाक्य करता येते.

ते प्रत्यक्षात कसे होते? उदाहरणापुरते एक साधे वाक्य मीच बनवतो: ‘द विमेन केम ॲट डॉन विथ कँडल्स’. पहाटे बायका मेणबत्त्या घेऊन आल्या. आघाताच्या अक्षराला एक आणि बाकीच्यांना शून्य दिले तर ०१०१०१०१० अशी नऊ आकड्यांची माळ होते. आता वाक्य कुठे थांबते ते पाहायचे. स्वल्पविराम असेल तर अर्धवट विसावा, वाक्य संपत असेल तर पूर्ण विसावा, स्तोत्रच संपत असेल तर अखेरचा, आणि प्रत्येक ईखोसात या तिन्हींचे स्वर ठरलेले. विसाव्याचे वळण शेवटच्या आघातापासून मोजतात. इथे शेवट ‘कँ-डल्स’, म्हणजे आघात आणि त्यानंतर एक हलके अक्षर. तसे वळण ईखोसाच्या भांडारातून काढायचे. मग उलट चालत मागे यायचे आणि वाक्याचा आरंभ त्या वळणाला कसा मिळेल ते बघायचे.

आता भाषांतरकाराने विचार बदलला आणि ‘विथ कँडल्स’ऐवजी ‘विथ लॅम्प्स’ लिहिले. अर्थ जवळपास तोच. पण माळ आता आघातावरच संपते. घेतलेले वळण बाद! आघातावरच संपणारे दुसरे शोधायचे, आणि ते वेगळ्या स्वरावरून सुरू होत असेल तर मागचा रस्ताही पुन्हा आखायचा. एका शब्दासाठी सगळी ओळ उकलायची. ग्रीकमध्ये आघात शब्दाच्या शेवटच्या तीन अक्षरांत कुठेही पडतो, त्यामुळे तिन्ही तऱ्हांची वळणे भरपूर आहेत. इंग्रजीत मात्र लॉर्ड, गॉड, डेथ, लाइफ, ग्रेव्ह असे एकाक्षरी ठोकळे ओळीच्या शेवटी येऊन बसायला टपलेले असतात. त्यामुळे आघातावरच मिटणारी वळणे पुन्हा पुन्हा वापरावी लागतात, आणि त्यांत तोचतोचपणा येऊ न देणे हे इंग्रजी रचनाकाराचे कसब.

कानाचा प्रश्न याहून निराळा. ग्रीकचे स्वर मोजके आणि स्वच्छ, कितीही ओढले तरी बिघडत नाहीत. इंग्रजीतला ‘डे’ किंवा ‘लाइट’ चार ठोके धरायचा तर तोंड नेमके कोणत्या क्षणी मिटवायचे? आणि ‘स्ट्रेंग्थ’सारखा शब्द, एका अक्षरात व्यंजनांची एवढी गर्दी, तो गाण्यात कसा मुरवायचा? उलट काही इंग्रजी शब्द मोठे उपकारी आहेत. ‘हेवन’ गरजेप्रमाणे दोन अक्षरांचा होतो किंवा एका अक्षरात आवळता येतो, ‘ब्लेस्ड’चेही तसेच. असे लवचीक शब्द रचनाकार जपून ठेवतात.

‘चाली’वरच्या स्तोत्रांत हा सगळा खेळ उलटा होतो. तिथे चाल अढळ, कारण मंडळींना ती पाठ असते. वाकायचे भाषांतरकाराने. अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या होली ट्रान्सफिगरेशन मठाने अक्षरे आणि आघात मोजून केलेली अशी भाषांतरे मोठमोठ्या खंडांत काढली आहेत. त्यांचे कष्ट थक्क करणारे आहेत. वाक्ये मात्र कधीकधी इतकी उलटीपालटी होतात की गाताना ठीक वाटते आणि वाचताना दम लागतो. मला विचाराल तर तो सौदा पत्करण्याजोगा आहे, कारण ही स्तोत्रे वाचण्यासाठी नाहीतच. यावरून गोव्यातला फादर थॉमस स्टीफन्स आठवतो. १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापून घेणारा हा जेझुइट जन्माने इंग्रज, पण त्याला ही कसरत करावी लागली नाही. त्याने परकी स्तोत्रे मराठीत ओढून आणली नाहीत, कथा घेतली आणि सरळ ओवीतच लिहिली. ऑर्थोडॉक्स भाषांतरकाराला ती मोकळीक नाही. त्याच्यापुढे ओळ ठरलेली, अर्थ ठरलेला आणि चालही ठरलेली.

वळणांच्या या भांडाराची नीट मांडणी करण्याचे मोठे काम ॲरिझोनाच्या वाळवंटात झाले. तिथे १९९५ मध्ये अ‍ॅथोस पर्वतावरून आलेल्या भिक्षूंनी सेंट अँथनी मठ उभारला. त्या मठातल्या एका भिक्षूने जुन्या रचना विंचरून शून्य-एकच्या माळांप्रमाणे वळणांची कोष्टके केली: अमुक ईखोस, अमुक विसावा, अमुक माळ, तर परंपरेतल्या रचनाकारांनी ही-ही वळणे वापरली. सोबत इंग्रजी स्तोत्रांची हजारो पाने, बिझंटाईन आणि पाचरेघी अशा दोन्ही लिप्यांत. कोष्टक हाताशी आले की चाल आपोआप होते असे नव्हे. शब्दकोश पाठ करून कुणी कवी होत नाही. पण कोष्टकाबाहेरचे वळण योजले तर का योजले, याचे उत्तर रचनाकाराजवळ असावे लागते.

आणि एवढे करूनही पक्के असे काही हाती लागत नाही, कारण इंग्रजी भाषांतर एक नाही. ईस्टरच्या रात्री सर्वांच्या ओठांवर असणारे छोटेसे स्तोत्रही वेगवेगळ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांत गातात. कुणी देवाला जुन्या वळणाचे ‘दाउ’ म्हणतो, कुणी साधे ‘यू’. शब्द बदलले की माळ बदलते, माळ बदलली की वळण. दोन चर्चची माणसे एका ठिकाणी जमली की पहिली ओळ सगळे एकत्र गातात आणि दुसऱ्या ओळीत फाटे फुटतात.

एका जागी मात्र भाषांतरकाराला पूर्ण सुट्टी. चौदाव्या शतकात योआनिस कुकुझेलिसच्या काळी एक प्रकार बहरला: शब्द संपले तरी गाणे संपू द्यायचे नाही, ते निरर्थक अक्षरांवर चालू ठेवायचे. ते-रि-रेम, ते-रे-रेम असे मिनिटेच्या मिनिटे, तराण्याच्या जातीचे. पाद्री वेदीपाशी विधी पुरा करेपर्यंत गायकांना वेळ भरून काढायचा असतो, तिथेही हे उपयोगी पडते. इंग्रजी उपासनेतही ते गायले जाते, आणि तिथे एकाही अक्षराला हात लावावा लागत नाही.